माळावरचें घराणें

एखाद्या घराण्याचा वंश केव्हां खुंटतो, हें आपल्याकडील जुन्या कुटुंबांस निराळें सांगावयास नको. ज्या वाड्यांत चार भाऊ, त्यांच्या सुना-मुलें व नातवंडें अशी गजबज असते, तेथें वाईट साथ आली तर घरावर शोककळा पसरते खरी, पण तिन्हीसांजा दिवा लावावयास कोणीतरी मागें राहतें. उलट ज्या घरीं एकुलता एक मुलगा, त्या घराचें सारें भवितव्य एका जीवाच्या धाग्यावर लोंबत असतें. १८९७ सालच्या प्लेगानें व १९१८ सालच्या इन्फ्ल्युएंझानें पुणें जिल्ह्यांतील कित्येक वाड्यांना कायमचीं कुलुपें लागलीं. त्या वाड्यांतील माणसें इतरांहून दुर्बल होतीं किंवा त्यांच्या हातून कांहीं पाप घडलें होतें असें नव्हे; तीं थोडीं होतीं, एवढाच त्यांचा अपराध.

हाच न्याय रानांतील प्राण्यांस लागू पडतो. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत शास्त्रज्ञांनीं त्याचें रीतसर गणित बसविलें आहे, आणि अमुक एक प्राणिजाति टिकेल कीं जाईल, व टिकावयाची तर काय केलें पाहिजे, हें त्या गणितानें पाहतात. बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांच्या माळांवर जो लांडगा अद्याप तग धरून आहे, त्याच्या निमित्तानें ह्या शास्त्राची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी असें आमच्या मनांत पुष्कळ दिवस होतें. आमचा स्वतःचाही ह्या प्रकरणाशीं थोडा संबंध आहे. तो ओघानें पुढें येईल.

बारामती म्हटलें कीं जुन्या वाचकांस कऱ्हेकांठचे मोरोपंत आठवतात, व नव्यांस ऊस, द्राक्षें आणि कारखाने. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आला, पुढें वालचंदनगर वसलें, १९८० च्या सुमारास उजनीचें पाणी भीमेकांठीं पसरलें, आणि ज्या दुष्काळी मुलखांत लेक देतांना मुलीचा बाप दहादां विचार करी, तो सुखवस्तु झाला. परंतु पाटाचें पाणी चढावर चढत नाहीं. पाटाच्या वरच्या अंगास मुरमाड टेकाडें व उघडे माळ तसेच राहिले. वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आंतबाहेर, माती वीतभर, तींत कुसळी-पवन्यासारखें गवत, मधूनमधून बोराटी, हिवर नि बाभूळ. सरकारी दप्तरांत अशा जमिनीस पडीक म्हणण्याची चाल पडली आहे. ती पडीक नाहीं, हें तेथें एक हिंवाळी सकाळ काढली तरी कळून येतें. चिंकारा हरणें, ससे, खोकड, तरस, धाविक पक्षी, आणि ह्या सर्वांच्या वर लांडगा, असा तेथला संसार आहे.

मोरगांवास मयूरेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या पुष्कळांस सुपें गांव ठाऊक असेल. त्या सुप्याजवळ १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य झालें, मुख्यतः चिंकाऱ्यासाठीं. त्याचें क्षेत्र अवघें ५.१४ चौरस किलोमीटर. इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीचें कुरण आहे. तेथें व बारामती तालुक्यांतील शिर्सुफळ येथें वनखात्यानें २०२४ सालीं माळरान दाखविण्याच्या सहली सुरू केल्या. हें स्तुत्यच आहे. परंतु लांडग्याच्या एका टोळीस वावरावयास शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचा मुलूख लागतो. तेव्हां सुप्याचें अभयारण्य हें त्याच्या हिशेबीं घर नव्हे, घरासमोरचें अंगण.

आतां मौज अशी कीं लांडग्याचें कुटुंब आपल्या एकत्र कुटुंबाच्याच घाटाचें असतें. टोळींत बहुधा एकच जोडपें प्रजा वाढवितें. थंडीच्या दिवसांत बिळांत पिलें होतात, आणि मागल्या वर्षींचीं मोठीं भावंडें त्या पिलांचें करतात; दुरून पोटांत मांस आणून तें त्यांच्यापुढें ओकून टाकतात, आई शिकारीस गेली असतां बिळाशीं राखण बसतात. जाणतीं झालीं म्हणजे त्यांपैकीं कांहीं घर सोडून दूर जातात व परक्या टोळींतील जोडीदार गांठून नवा संसार मांडतात. हें घर सोडून जाणें विसरूं नये. पुढें सारें त्यावरच येऊन ठेपतें.

हिंदुस्थानांतील ह्या लांडग्याचा वंश जगांतील लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकीं एक आहे, असें २०२१ सालीं त्याच्या संपूर्ण आनुवंशिक लेखाच्या अभ्यासावरून दिसून आलें. आणि त्याची संख्या किती? यादवेंद्रदेव झाला व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२२ सालीं जो अंदाज प्रसिद्ध केला, त्याप्रमाणें उभ्या देशांत सुमारें ३,१७०, व महाराष्ट्रांत चारशेंच्या आसपास. त्याच वर्षींच्या गणनेंत वाघांचा आंकडा ३,६८२ आला होता. वाघाच्या नांवें केवढा गाजावाजा व केवढा खर्च होतो, आणि त्याच्याहून कमी उरलेल्या ह्या प्राण्याचें नांव आपण लबाडीच्या गोष्टींपुरतेंच घेतों, हें थोडें चमत्कारिक आहे.

अमेरिकेंतील मार्क शॅफर ह्या शास्त्रज्ञानें १९८१ सालीं एक प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला: एकाकी पडलेल्या प्राणिसमूहाची लहानांत लहान संख्या किती असावी, म्हणजे तो हजार वर्षें टिकेल ह्याविषयीं शंभरांत नव्याण्णव हिश्शांची खात्री देतां येईल? त्यानें सांगितलें कीं, शिकार व जंगलतोड हीं उघड कारणें थांबविलीं तरी लहान समूहावर दैवाचे चार प्रकारचे घाले पडतात. पहिला जन्म-मृत्यूचा. दहा पिलांपैकीं दहाही नर निघाले तर मोठ्या समूहाचें कांहीं बिघडत नाहीं, लहानाचा वंश तेथेंच संपतो. सात मुलींनंतरही पुत्राची वाट पाहणाऱ्या घरांस ही गोष्ट समजावून द्यावी लागणार नाहीं. दुसरा ऋतुमानाचा, म्हणजे लागोपाठ दोन वर्षें अवर्षण. तिसरा साथ, वणवा, महापूर अशा अवचित संकटांचा. आणि चौथा रक्ताचा. समूह लहान झाला कीं सर्वच एकमेकांचे आप्त होतात व व्यंगें वर येऊं लागतात. हे चारही एकमेकांस हात देतात. संख्या घटली कीं रक्त बिघडतें, रक्त बिघडलें कीं पिलें जगत नाहींत, पिलें जगलीं नाहींत कीं संख्या आणखी घटते. पुरांतल्या भोंवऱ्यांत सांपडलेल्या ओंडक्याप्रमाणें तो समूह फिरत फिरत आंत ओढला जातो. १९८६ सालीं गिल्पिन व सूले ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं ह्यास भोंवरा हेंच नांव दिलें, आणि रॉबर्ट लेसी ह्यांनीं जी संगणकाची गणितपद्धति तयार केली, तिचेंही नांव व्हॉर्टेक्स, म्हणजे भोंवराच आहे.

ती पद्धति अशी. प्राणी किती, माद्या किती, पिलें किती होतात, पहिल्या वर्षांत किती मरतात, दुष्काळ किती वर्षांनीं पडतो, हें सर्व संगणकास सांगावयाचें. मग तो सारीपाटाच्या फाशांप्रमाणें प्रत्येक जन्माचें व प्रत्येक मृत्यूचें दान टाकतो, व त्या काल्पनिक समूहाचीं पुढचीं शंभर वर्षें मांडून दाखवितो. एकदां नव्हे, हजारदां. हजारांपैकीं तीनशें वेळां समूह नाहींसा झाला तर धोका तीस टक्के समजावयाचा. ह्यास कुंडली म्हणण्याचा मोह होईल, पण कुंडलींत ग्रह बदलतां येत नाहींत, येथें बदलून पाहतां येतात. रस्त्यावरचे मृत्यु निम्मे केले तर काय होईल, बाहेरून एक जोडपें आणून सोडलें तर काय होईल, हें करण्याआधीं कागदावर पाहतां येतें. अर्थात् संगणकास खोटे आंकडे घातले तर उत्तरही खोटेंच येईल. आपल्या देशांत १९९३ सालीं गीरच्या सिंहाविषयीं बडोद्यास व सिंहपुच्छ माकडाविषयीं मद्रासेस ह्या पद्धतीच्या परिषदा भरल्या होत्या.

संख्या मोठी म्हणजे निर्धास्तपणा, असेंही नाहीं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशीं मार्थाज् व्हिनयार्ड नांवाचें बेट आहे. तेथें ‘हीथ हेन’ नांवाचा माळावरचा एक पक्षी उरला होता. त्यास १९०८ सालीं संरक्षण मिळालें, आणि पन्नास-पाऊणशें पक्ष्यांचे आठ वर्षांत सुमारें दोन हजार झाले. सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. १९१६ सालीं ऐन विणीच्या हंगामांत वणवा लागला. अंडीं उबवीत बसलेल्या माद्या जळाल्या. मागून कडाक्याची थंडी, ससाणे आणि कोंबड्यांचा रोग आला. उरलेल्यांत नरच फार. १९३२ नंतर तो पक्षी कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं. सर्व पक्षी एकाच बेटावर होते, ही त्यांतील खरी मेख. गीरमध्यें २०१८ सालीं कुत्र्यांपासून येणाऱ्या डिस्टेंपर रोगाच्या साथींत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हां जाणत्यांच्या पोटांत गोळा उठला तो ह्याच कारणानें.

पण लांडग्याच्या दृष्टीनें अधिक बोलकी हकीकत आइल रॉयल ह्या बेटाची आहे. उत्तर अमेरिकेंतील सुपीरियर सरोवरांत हें बेट. १९४०-५० च्या दशकाच्या अखेरीस थिजलेल्या सरोवरावरून चालत कांहीं लांडगे तेथें पोंचले. १९८० सालीं त्यांची संख्या ५० झाली. पुढें बेटावर कोणाच्या तरी पाळीव कुत्र्याबरोबर पार्व्हो नांवाचा रोग आला, आणि १९८२ सालीं १४ उरले. त्यानंतर त्यांना कोणी मारलें नाहीं, अन्नाची वाण नव्हती, तरी वंश धडपणें वाढेना. पाठीच्या कण्यांत व्यंगें दिसूं लागलीं. १९९७ सालीं एक परका नर बर्फावरून आला व कांहीं काळ नवें रक्त खेळलें. पण लवकरच सारें बेट त्याच्याच संततीनें भरलें आणि दुखणें पुन्हां पहिल्यावर आलें. हवा उबदार होत गेल्यानें बर्फाचा पूलही वरचेवर धरेना. २०१६ सालीं बेटावर दोनच लांडगे उरले. बाप आणि मुलगी, आणि तींही एकाच आईचीं. २०१८-१९ मध्यें बाहेरून १९ लांडगे आणून सोडावे लागले.

ही हकीकत आम्हीं घरीं वाचून दाखविली, तेव्हां आमच्या काकू म्हणाल्या, “म्हणजे दत्तक घेतले म्हणा ना!” अगदीं यथार्थ बोल. आणि सगोत्र व सपिंड विवाहाचा निषेध करतांना बापाकडून सात व आईकडून पांच पिढ्या मोजणाऱ्या आपल्या शास्त्रकारांच्या नजरेंतून रक्ताच्या जवळिकीची गोष्ट सुटली नव्हती, असें म्हणावयास हरकत नाहीं. जरी मामेबहिणीच्या बाबतींत आम्हां देशस्थांनीं सोयीस्कर पळवाट काढली आहे! मात्र ह्या शास्त्रावरून कोणी मनुष्यांतील जातींचे तट बळकट करूं पाहील तर तो शुद्ध वेडगळपणा होईल. मनुष्य सारा मिळून एकच जाति आहे, आणि ह्या गणिताचा कौल भेसळीच्या विरुद्ध नसून एकलकोंडेपणाच्या विरुद्ध आहे.

प्राणिसंग्रहालयांचें काम येथेंच येतें. आपल्यांतील पुष्कळ घराण्यांनीं मोठ्या श्रमानें कुलवृत्तांत छापून घेतले आहेत. प्राणिसंग्रहालयांतही तसेच कुलवृत्तांत असतात. युरोपांतील रानगवा पहिल्या महायुद्धानंतर रानांतून नाहींसा झाला. पिंजऱ्यांत पन्नासांच्या आसपास उरले, आणि आज दिसणारा सारा वंश त्यांतील अवघ्या बारा पूर्वजांचा आहे. १९३२ सालीं त्यांची वंशावळ पुस्तकरूपानें निघाली. कोणत्या गाईचा कोणत्या बैलाशीं संबंध घडवावा, हें तींत पाहूनच ठरूं लागलें. आपल्याकडेंही केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण व देहरादूनची वन्यजीव संस्था अशा पोथ्या ठेवितात. पिंजरा हें कांहीं सुखाचें स्थान नव्हे. पण रानांतलें घर बुडालें तर तिजोरींत एक दागिना असावा, एवढाच त्याचा अर्थ. ती तिजोरी वेळेवर भरली पाहिजे. आमच्या भीमेपलीकडे करमाळ्यापासून सोलापुरापर्यंत माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य जाहीर झालें. कागदावर त्याचें क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतें. पक्षी मोठा, अंडें बहुधा एकच, वाढ सावकाश. नान्नजच्या अलीकडच्या गणनांत एखादाच पक्षी दिसतो. राजस्थानांत २०१९ पासून अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें काम चांगलें चाललें आहे, पण तें नान्नजच्या माळढोकांस उपयोगी पडावयास फार उशीर झाला.

बारामती-इंदापुराकडील लांडग्याची स्थिति अद्याप माळढोकासारखी नाहीं. त्यास आज बंदुकीचें भय थोडें आहे. १९७२ च्या कायद्यानें त्यास पूर्ण संरक्षण दिलें आहे. त्याचा शत्रु निराळा व फार घरगुती आहे, तो म्हणजे कुत्रा. पोल्ट्रींतल्या मेलेल्या कोंबड्या गांवाबाहेर टाकतात. त्यांवर मोकाट कुत्र्यांचे तांडे पोसले जातात, व लांडगेही तेथें येतात. नान्नजच्या परिसरांत गांवकुत्रीं व खोकड ह्यांचें रक्त तपासून जो अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत बहुतेक कुत्र्यांस डिस्टेंपर व पार्व्हो ह्या दोन्ही रोगांची लागण केव्हांना केव्हां होऊन गेल्याचें आढळलें. आइल रॉयलवर एका कुत्र्यानें जें केलें, तें येथें करावयास गांवोगांव कुत्रीं सिद्ध आहेत. दुसरी गोष्ट. पुण्याच्या आसपासच्या माळांवर निसर्गप्रेमी मंडळींस कांहीं विचित्र रंगाचे लांडगे दिसले. त्यांचे नमुने बंगळूरच्या प्रयोगशाळेंत तपासले, तेव्हां लांडगा व कुत्रा ह्यांच्या संकराचा हिंदुस्थानांतील पहिला आनुवंशिक पुरावा मिळाला. तो निबंध २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. तरुण लांडगा घर सोडून निघाला आणि दहा कोस हिंडूनही त्यास लांडगी मिळाली नाहीं, तर तो कुत्रीशीं घरोबा करतो. जोडीदार मिळत नाहीं, कारण मधले माळ तुटले. कोठें कुंपण, कोठें कारखाना, कोठें वनखात्यानेंच लावलेली ग्लिरिसिडियाची दाटी. तुकोबांच्या पालखीचा मार्ग बारामती-इंदापुरावरून चौपदरी झाला. वारकऱ्यांची सोय झाली, हें उत्तम. पण रात्रीं तो ओलांडणाऱ्या जनावरास तो भीमेच्या पुरासारखाच.

आतां आमचा संबंध. इंदापूर तालुक्यांत आमच्या घराण्याची थोडी जमीन होती. पाटाखालची होती ती कूळकायद्यांत कुळांकडे गेली; तीच मंडळी ती कसत होतीं, तेव्हां त्यांत वावगें कांहीं झालें नाहीं. बत्तीस एकर माळ मात्र कोणीच कसत नसल्यामुळें आमच्या नांवावर राहिला. सात-बाऱ्यावर आज अकरा नांवें आहेत. गेल्या वर्षीं बंगल्यांचे प्लॉट पाडणाऱ्या एका गृहस्थांनीं त्यास अशी किंमत सांगितली कीं ती ऐकून घरांतील तरुण मंडळी हिशेबास बसलीं. त्यांस दोष देणें अन्यायाचें होईल. धाकट्या बंधूंच्या दोन मुलींचें शिक्षण व्हावयाचें आहे, आणि जमीन विकून मुली शिकविणें हें कांहीं कुळास बट्टा लावणें नव्हे.

बत्तीस एकर म्हणजे चौरस किलोमीटराचा जेमतेम आठवा हिस्सा. तेवढ्यानें लांडग्याचें काय व्हावयाचें आहे, असें बंधु म्हणाले, आणि नुसत्या क्षेत्राकडे पाहिलें तर तें खरेंही आहे. परंतु आमचा तुकडा दोन कुरणांच्या मधल्या खिंडींत पडतो. दोहों बाजूंस ऊस आहे. जानेवारींत आम्ही दोघे बंधु तेथें गेलों होतों. दरवर्षीं मेंढ्या घेऊन उतरणारे एक वृद्ध धनगर भेटले. बंधूंनीं त्यांस विचारलें, “बाबा, लांडगा तुमचीं कोंकरें नेतो, मग तो गेलेला बरा नाहीं का?” ते हंसले. म्हणाले, “नेतो की. त्याचा वाटा त्यो नेनारच. पन मालक, तुमी कुंपन घातलं तर मेंढरंबी अडली अन् त्योबी अडला.” मग त्यांनीं ओढ्याच्या वाळूंत उमटलेले पाय दाखविले. पूर्वेकडून पश्चिमेकडे, एका रांगेंत, एकाच जनावराचे.

गणपतींत सर्व मंडळी पुण्यास जमलीं असतां ह्यावर बैठक झाली. वादविवाद बराच झाला, एक-दोघांचा आवाजही चढला. काकू दारापाशीं बसून ऐकत होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, “तें जें एकटें जनावर गेलें, तें नर का मादी?” कोणास सांगतां आलें नाहीं. शेवटीं असें ठरलें कीं पांच वर्षें जमीन विकूं नये, तिला कुंपण घालूं नये, चराई त्या धनगर कुटुंबाकडेच ठेवावी, आणि चराईचे जे थोडे पैसे येतात ते आसपासच्या वस्त्यांवरील कुत्र्यांना रोगाच्या लसी टोंचण्यास पशुवैद्याकडे द्यावेत. बंधूंच्या मुलींच्या फीची तजवीज बाकीच्या शाखांनीं वर्गणीनें करावी. पांच वर्षांनीं पुन्हां बसावें. तसा कागद तयार केला आहे. अकरांपैकीं नऊ सह्या झाल्या. दहावी पुतण्याची, ती टोरांटोहून टपालानें यावयाची आहे. अकरावी धाकट्या बंधूंची. ते म्हणतात, “दिवाळीनंतर पाहूं.”